बँकेच्या दारातली रांग: सहकारी संस्थांसाठी माहितीयुद्धाचा अभ्यास, पायरीपायरीने

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला व्हॉट्सॲपवर एक मेसेज सुटतो: ‘अमुक बँकेवर सोमवारपासून निर्बंध. आतल्या माणसाकडून कळलंय. पैसे काढून घ्या.’ शाखा बंद झालेली आहे. उद्या महिन्याचा दुसरा शनिवार, परवा रविवार. मेसेज अडीच दिवस मोकाट फिरतो आणि सोमवारी शटर वर जाते तेव्हा बाहेर चाळीस माणसे पासबुके घेऊन उभी असतात. तिजोरीत शुक्रवारी होते तेवढेच पैसे आहेत, कर्जे तीच आहेत, संचालकही तेच. तरी दुपारपर्यंत बँक अडचणीत येऊ शकते, कारण चाळीस माणसांची रांग पाहून एकेचाळिसावा माणूस रांगेत लागतो. त्याने मेसेज वाचलेलाही नसतो.

माहितीयुद्ध हा शब्द लष्करातला. १९९०च्या दशकात विन श्वार्टाउ या अमेरिकी लेखकाने त्याचे तीन स्तर मांडले: व्यक्तीविरुद्ध, संस्थेविरुद्ध आणि देशाविरुद्ध. हा लेख मधल्या स्तराचा आहे आणि त्यातही नागरी सहकारी बँका व पतसंस्थांसाठी. कारखाना, रुग्णालय, शिक्षणसंस्था यांनाही पद्धत तीच लागू पडते. बँक निवडली कारण विश्वास आणि रोकड यांच्यातले अंतर तिथे सगळ्यात कमी असते.

सुरुवातीला एवढी विभागणी पुरते. माहितीवर चार प्रकारे हल्ला होतो: ती चोरता येते, बिघडवता येते, अडवता येते आणि खोटी पेरता येते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३मधल्या खुनाबाबत सांगतात ती ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट ऐतिहासिक कसोटीवर किती टिकते हा वाद बाजूला ठेवू. बिघडवणे म्हणजे काय ते तिच्याइतके नेमके कोणी सांगितलेले नाही. पत्र खरे, पाठवणारा खरा, पोहोचवणारा खरा. खोटे एकच अक्षर. संस्था चोरीच्या भीतीने पासवर्ड आणि फायरवॉलवर खर्च करतात. बिघडवणे आणि पेरणे यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी एक ओळही लिहिलेली नसते.

पायरी १: निर्णयांची वही

नवखे लोक अभ्यास शत्रूपासून सुरू करतात: कोण करतोय, का करतोय, चीन की पाकिस्तान की विरोधी पॅनेल. तिथून सुरुवात केली की दोन महिन्यांनी हाती फक्त संशयितांची यादी उरते. सुरुवात आपल्या निर्णयांपासून करावी. तुमच्या संस्थेवर परिणाम करणारे निर्णय कोण घेते आणि ते घेताना तो कशावर विसंबतो, एवढेच आधी लिहायचे.

पाच ते सात माणसे बसवा: मुख्य कार्यकारी अधिकारी, आयटीचा माणूस, दोन शाखाधिकारी (एक शहरातला, एक तालुक्याच्या गावचा), वसुली अधिकारी, एक अनुभवी रोखपाल आणि शक्य झाल्यास एक पिग्मी एजंट. पिग्मी एजंट रोज शे-दीडशे दुकानांत जातो. गावात काय बोलले जाते ते मुख्य कार्यालयाच्या आठवडाभर आधी त्याला कळते. वहीत सहा रकाने आखा: निर्णय कोणता; घेतो कोण; कशावर विसंबून; ती माहिती त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने येते; ती खोटी असली तर आपल्याला कधी कळेल; पडताळणीची दुसरी वाट कोणती.

वहीत बँकेबाहेरच्यांचेही निर्णय यायला हवेत. मुदतठेव मोडायची की नाही हे ठेवीदार ठरवतो, आणि तो विसंबतो शेजाऱ्यावर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाखेतल्या ओळखीच्या कारकुनाच्या चेहऱ्यावर. तुमच्याकडे रक्कम ठेवणाऱ्या गृहनिर्माण संस्था, ट्रस्ट, छोट्या पतसंस्था यांच्यासाठी स्वतंत्र ओळी लिहा. अशा दहा ठेवीदारांचा निर्णय पाचशे घरगुती ठेवीदारांवर भारी पडतो, आणि तो बहुधा एका सचिवाच्या किंवा लेखापरीक्षकाच्या एका फोनवर होतो.

पाचवा रकाना भरताना बैठक शांत होते. उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. ११ ऑगस्ट २०१८ला, शनिवारी, हल्लेखोरांनी खरा पेमेंट स्विच (एटीएमची विचारणा बँकेपर्यंत नेऊन उत्तर आणणारी यंत्रणा) बाजूला सारून त्याच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला. एटीएम विचारत होते, ‘या खात्यात पैसे आहेत का?’ आणि उत्तर बँकेऐवजी तोतया देत होता: ‘आहेत, द्या.’ काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि देशातून अडीच कोटी काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी. याला आपण सायबर चोरी म्हणतो आणि ती आहेच, पण अभ्यासाच्या दृष्टीने हे ‘ध’चा ‘मा’ करणे आहे: ज्या यंत्राने निर्णय घ्यायचा, त्यालाच खोटी माहिती दिली. तुमच्या वहीत ‘एटीएमला रक्कम द्यायची की नाही’ हा निर्णय असलाच पाहिजे, आणि त्याच्या सहाव्या रकान्यात शनिवार-रविवारीही चालणारा ताळमेळ: स्विचवर मंजूर झालेले व्यवहार आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे खात्यांच्या मुख्य प्रणालीत, नोंदलेले व्यवहार दर तासाला जुळतात का.

वहीला साधारण एक आठवडा लागतो. तीसच्या आसपास ओळी झाल्या की थांबा. शंभर ओळींची वही पुन्हा कोणी उघडत नाही.

पायरी २: जुन्या घटना मिनिटाच्या हिशेबाने वाचणे

या विषयावर व्याख्यांचा ढीग आहे. व्याख्यांपेक्षा चार घटना नीट उकलल्या तर जास्त हाती लागते. प्रत्येक घटनेसाठी एक कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा: कोणत्या वेळी काय घडले, कोणती विधाने फिरली, त्यातली पूर्ण खरी, अर्धी खरी आणि पूर्ण खोटी कोणती, प्रत्येक टप्प्यावर ती पुढे का ढकलली गेली, आणि संस्थेने पहिले तोंड कधी उघडले. ‘कोणी केले’ हा प्रश्न कागदाच्या मागच्या बाजूला.

पहिली घटना जपानमधली. आइची प्रांतातली तोयोकावा शिंकिन ही आपल्या नागरी सहकारी बँकेसारखी स्थानिक सभासदांची पतसंस्था. ८ डिसेंबर १९७३ला आगगाडीत शाळकरी मैत्रिणी बोलत होत्या. एकीला शिंकिनमध्ये नोकरी लागली होती. दुसरी थट्टेने म्हणाली, तिथे धोका असतो. तिच्या मनात दरोडेखोर होते. नोकरी लागलेल्या मुलीने घरी विचारले, शिंकिन धोक्यात आहे का? नातेवाइकांनी ‘कोणती शिंकिन’ याचे उत्तर स्वतःच भरले. ब्यूटी पार्लर, शेजार, दुकाने असे करत पाचव्या दिवशी ही कुजबुज एका लॉन्ड्रीत पोहोचली होती. तिथे फोन वापरायला आलेल्या गिऱ्हाइकाने घरी सांगितले, ‘त्या बँकेतून १२ लाख येन काढ.’ त्याला पैसे धंद्यासाठी हवे होते. ऐकणाऱ्यांना मात्र तो पुरावा वाटला. त्यांनी स्वतःचे पैसे काढले, ओळखीच्यांना फोन केले, एका हौशी रेडिओवाल्याने ते हवेत सोडले. १४ तारखेला शाखांसमोर झुंबड होती. मध्यवर्ती बँकेने धीर देणारे निवेदन काढले आणि मुख्य शाखेत तिजोरीपुढे नोटांच्या थप्प्या लोकांना दिसतील अशा रचल्या. पोलिसांनी अफवेची वाट माणसामागून माणूस शोधत उगमापर्यंत नेली. कटकारस्थान काहीच निघाले नाही.

ही घटना आधी अभ्यासावी, कारण तिच्यात शत्रू नाही. खोटे कोणीच बोलले नाही, तरी रांग लागली. जमीन आधीच तापलेली होती: तेलसंकट चालू होते, महिन्याभरापूर्वीच टॉयलेट पेपरसाठी लोकांनी दुकाने रिकामी केली होती. शत्रू असता तर त्याला फक्त मुलीच्या थट्टेचे काम करायचे होते. उरलेले काम गावाने फुकट केले असते. म्हणून ‘यामागे कोण’ या प्रश्नाच्या उत्तरावर तुमचे पहिले सहा तास अडकता कामा नयेत.

दुसरी घटना शेअर बाजारातली. २८ सप्टेंबर २०१८ला इन्फिबीम ॲव्हेन्यूज या कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे ७० टक्के कोसळला. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या टिपणात उपकंपनीला दिलेल्या बिनव्याजी कर्जाचा मुद्दा होता. कर्ज होते, त्यातून काढलेला अर्थ वादाचा होता. इथे नुसते ‘हे खोटे आहे’ म्हणून चालत नाही, कारण टिपणातला आकडा कोणीही ताळेबंदात शोधू शकतो. आज सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या २५० सूचीबद्ध कंपन्यांना शेअरच्या भावात ठळक हालचाल घडवणाऱ्या अफवेवर २४ तासांत खुलासा, दुजोरा किंवा इन्कार द्यावा लागतो. सहकारी बँकेला हा नियम लागू नाही, पण २४ तासांची शिस्त उसनी घ्यायला हरकत नाही. रांगेपुढे मात्र ते २४ तासही जास्तच होतात: मार्च २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, तेही बहुतांश मोबाइल आणि संगणकावरून. दाराशी रांग लागण्याची गरजच पडली नाही.

तिसरी घटना घाईने बोट दाखवण्याबद्दल. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. २८ फेब्रुवारी २०२१ला अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्युचर या संस्थेचा अहवाल आला: चीनशी संबंधित गटाने भारतीय वीजयंत्रणेत शिरकाव केल्याच्या खुणा आहेत. त्याच अहवालात मुंबईच्या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही असेही होते. मथळ्यांत ते वाक्य उरले नाही. राज्याचे गृहमंत्री घातपाताची शक्यता सांगत होते, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. अभ्यासगटापुढे हे तिन्ही कागद ठेवा आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा: पाहिलेले, अनुमान काढलेले, की ऐकीव. दीड तासाचा हा सराव कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतो.

चौथी घटना पेरणीचे तंत्र दाखवते. जुलै १९८३मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र आले की एड्सचा विषाणू अमेरिकी प्रयोगशाळेत तयार झाला. दोन वर्षांनी सोव्हिएत साप्ताहिकाने ‘भारतीय वृत्तपत्रातल्या माहितीनुसार’ म्हणत ते उचलले आणि मग ते जगभर फिरले. आधी एका कोपऱ्यात स्वतःच पेरायचे, मग तिथला हवाला देऊन मोठ्याने बोलायचे. तालुक्यात हेच असे दिसते: तीनशे सबस्क्रायबरच्या यूट्यूब चॅनेलवर ‘सूत्रांनुसार’ बातमी येते, दुसऱ्या दिवशी पत्रक निघते, ‘माध्यमांतून समोर आलेल्या माहितीनुसार…’ पत्रकाला उत्तर देण्याआधी चॅनेलच्या व्हिडिओची तारीख आणि वेळ नोंदवून ठेवा.

पायरी ३: आपली अर्धी सत्ये

नामी अफवेच्या पोटात एक खरा कागद असतो. तो हल्लेखोराच्या आधी आपण शोधायचा. सहकारी बँकेत असे कागद ठरलेले आहेत: रिझर्व्ह बँकेच्या दंडाचे पत्रक, वर्तमानपत्रातली मालमत्ता लिलावाची नोटीस, लाभांश न देण्याचा ठराव, विलीनीकरणाची बोलणी, एखाद्या संचालकावरचा खासगी खटला, चार तास बंद पडलेला सर्व्हर, वाढलेले एनपीए (थकीत कर्जे). प्रत्येकासाठी आजच, डोके थंड असताना, चार ओळींचे उत्तर लिहून ठेवा. दंडाबाबतचे उत्तर तर रिझर्व्ह बँकच लिहून देते: तिच्या पत्रकात सहसा असे वाक्य असते की ही कारवाई नियमपालनातल्या त्रुटींबद्दल आहे, ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर भाष्य नाही. ते वाक्य फलकावर लावायला लोक विसरतात आणि ‘बँकेवर आरबीआयची धाड’ हा मथळा एकटाच फिरतो.

कॅलेंडरही मांडा. संचालक मंडळाची निवडणूक, वार्षिक सभेचे पंधरा दिवस, मोठ्या थकबाकीदाराच्या जप्तीची तारीख, सलग सुट्ट्या: अफवेचा जोर या दिवसांत वाढतो. सहकारात पॅनेल-विरुद्ध-पॅनेल हे राजकारण आहेच, आणि स्पष्टच सांगायचे तर तालुक्याच्या बँकेविरुद्ध माहितीयुद्ध छेडणारा परदेशी हॅकर क्वचित असतो. जप्ती आलेला कर्जदार किंवा काढून टाकलेला कर्मचारी जास्त वेळा सापडतो.

या पायरीवर एक कटू तपासणीही करावी लागते. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एका बांधकाम समूहाची बुडीत कर्जे लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. तिथे खोटी माहिती बाहेरून आलेली नव्हती; बँकेच्याच वहीत होती आणि ती नियामकाला, लेखापरीक्षकाला, ठेवीदाराला दाखवली जात होती. त्या आठवड्यात इतर बँकांबद्दलही मेसेज सुटले आणि १ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेला बँकिंग व्यवस्था सुरक्षित असल्याचे सांगावे लागले. लोकांची शंका तुमच्या बाबतीत खरी असेल, तर पुढच्या पायऱ्या वापरू नका. अशा वेळी काम नियामकाकडे आहे, प्रसिद्धी विभागाकडे नाही.

पायरी ४: रोजचा पारा

ताप मोजायचा तर आधी नेहमीचे तापमान माहीत हवे. सलग तीस कामकाजाचे दिवस प्रत्येक शाखेने तीन आकडे लिहावेत: मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवी (संख्या आणि रक्कम), पन्नास हजारांवरच्या रोख मागण्या, आणि ‘बँक ठीक आहे ना?’ या अर्थाचे प्रश्न. तिसरा आकडा लिहायला रोखपाल कुरकुर करतात. काउंटरवर एक उभी रेघ मारण्याइतके ते सोपे ठेवा. तीस दिवसांनी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढा, सरासरी नको. एका ट्रस्टने पाच कोटी काढले तरी सरासरी फसते.

इशाऱ्याच्या पातळ्या संस्थेगणिक वेगळ्या. सुरुवातीला अशा ठेवून पाहा: एका शाखेत तासात तीन लोकांनी तोच प्रश्न विचारला तर पिवळा, दोन शाखांत तेच घडले, किंवा मोडलेल्या ठेवी मधल्या आकड्याच्या तिप्पट झाल्या, तर लाल. पिवळ्यावर मुख्य कार्यालयाला एक फोन, लालवर पायरी ६.

खोट्या नावाने लोकांच्या ग्रुपमध्ये माणसे घुसवू नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण ते उघड झाले की तीच बातमी होते. पिग्मी एजंट, सभासद आणि कर्मचाऱ्यांना एक नंबर द्या आणि सांगा: मेसेज दिसला की इथे पाठवा, स्वतः उत्तर देऊ नका.

पायरी ५: वाटा आधीच बांधून ठेवा

ऐन वेळी ५० हजार ठेवीदारांना एसएमएस करू, असे सगळेच म्हणतात. होत नाही. बल्क एसएमएसचा मजकूर मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो; न जुळणारा मजकूर मोबाइल कंपनी अडवते. म्हणून ‘शाखा सुरू आहेत’, ‘सेवा अमुक वाजता सुरू होईल’, ‘बँकेच्या नावाने बनावट ॲप फिरत आहे’ असे तीन-चार साचे आजच मंजूर करून ठेवा. देवनागरी एसएमएसच्या एका भागात ७० अक्षरखुणा बसतात, रोमन लिपीत १६०, आणि काना-मात्राही मोजला जातो. मजकूर आटोपशीर ठेवा, नाहीतर एका निरोपाचे चार भाग होऊन खर्च चौपट.

बँकांसाठी आता ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन आहे आणि सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक. पासबुकाच्या मलपृष्ठावर, शाखेच्या भिंतीवर, पावतीवर हे दोन्ही छापा. खरा आवाज कोणता हे लोकांना शांततेच्या काळातच कळलेले असले, तर तोतया लवकर ओळखू येतो.

बोलणारा माणूस एकच, आणि त्याच्यामागे दुसरा. अध्यक्ष राजकारणातले असतील तर पहिला माणूस मुख्य कार्यकारी अधिकारी असावा. अध्यक्ष बोलले की अर्धा गाव बातमीऐवजी पक्ष ऐकतो.

निवेदनाचा नमुना असा:

‘बँकेच्या सर्व शाखा आज नेहमीच्या वेळेत सुरू आहेत. रक्कम काढण्यावर रिझर्व्ह बँकेने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. प्रत्येक ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला ठेव विमा व पत हमी महामंडळाचे विमासंरक्षण आहे. पुढची माहिती आज दुपारी २ वाजता याच फलकावर.’

यात काय नाही ते बघा. अफवेचा उल्लेख नाही. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हा मेसेज सगळ्यांना पाठवला की ज्यांनी काहीच ऐकलेले नव्हते तेही विचारतात, कसली अफवा? इन्कार तिथेच करा जिथे मेसेज पोहोचला आहे. बाकीच्यांना नुसती स्थिती सांगा. ‘तुमचा पैसा १०० टक्के सुरक्षित’ हेही नाही, कारण विमा ५ लाखांपर्यंतच आहे आणि रांगेतल्या निवृत्त शिक्षकाला ते माहीत असते. पतसंस्थांनी तर विम्याची ओळ लिहूच नये; हे महामंडळ बँकांचा विमा उतरवते, पतसंस्थांचा नाही. शेवटची ओळ मात्र सोडू नका, आणि २ वाजता नवीन काही नसले तरी तसे लिहून फलक बदला. वेळ पाळली गेली की पुढच्या वाक्यावर विश्वास बसतो.

पायरी ६: पहिले सहा तास

पहिली वीस मिनिटे नोंदीची. मेसेज किती वाजता, कोणाकडून, कोणत्या ग्रुपवर आला ते लिहा. क्रमांक, ग्रुपचे नाव आणि वेळ दिसेल असे स्क्रीन रेकॉर्डिंग करा. नुसता कापलेला स्क्रीनशॉट पुढे उपयोगी पडत नाही. फोटो किंवा ऑडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते आणि आतली माहिती गळते. दोन बाणांची खूण असेल तर मेसेज किमान पाच टप्पे ओलांडून आलेला आहे. पाठवणाऱ्याला आरोपीसारखे विचारू नका, ‘तुम्हाला कोणाकडून आला’ एवढेच विचारा. तोयोकावाच्या पोलिसांनी हेच केले होते. प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा; फाइल जरा बदलली तरी तो बदलतो) काढून लिहून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते लागते.

विसाव्या मिनिटाला निर्णय: हे नुसते बोलणे आहे की यंत्रणेतही काही झाले आहे? दोन्ही एकत्र येऊ शकतात. सर्व्हर पाडायचा आणि ‘बँक बंद पडली’ असा मेसेज सोडायचा, हा जुना डाव आहे. यंत्रणेला धक्का असेल, बनावट ॲप असेल किंवा समाजमाध्यमाचे खाते कोणी घेतले असेल, तर लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. म्हणूनच लक्षात आल्याची वेळ वहीत हवी. लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवसांचे हवेत. ते कोणी पुसत किंवा फिरवत नाही ना, हे आयटीने त्याच तासात पाहावे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मग रोकड, आणि इथे चूक महागात पडते. करन्सी चेस्टमधून (रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटांचा साठा ठेवणाऱ्या बँकेच्या तिजोरीतून) रोकड उचलायच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी तीनला आठवण झाली तर पैसे उद्या. वाहतुकीतल्या रोकडीच्या विम्याला मर्यादा असते, ती तात्पुरती वाढवून देणारा विमा कंपनीतला माणूस कोण, हे नावानिशी आधीच लिहिलेले हवे. शाखेच्या रोकड मर्यादेलाही तसेच.

शाखेत: सगळे काउंटर उघडा, निवृत्त रोखपालांना मदतीला बोलवा, रांग रस्त्यावरून आत घ्या, खुर्च्या टाका, टोकन द्या. रस्त्यावरची रांग म्हणजे मोफत जाहिरात, आणि तिचा फोटो मेसेजपेक्षा वेगाने पळतो. ‘एवढी रक्कम आज नाही, उद्या या’ हे वाक्य तोंडातून गेले की त्या दिवसाची लढाई हरलात. मोठी रक्कम हवी असेल तर आरटीजीएसचा पर्याय द्या. इच्छा असेल ते करतील. मुदतीपूर्वीचे व्याज कापले जाईल ते समजावा, पण अडवू नका. वेळेआधी शटर अर्धे खाली ओढणे, सुरक्षारक्षक दारात उभा करणे, शाखाधिकाऱ्याने फोन न उचलणे: या तिन्ही गोष्टी अफवेला पुरावा पुरवतात. आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या ठेवी त्या दिवशी मोडल्या का, हेही पाहा. गाव ते पाहतेच.

तक्रार कोणाविरुद्ध? बँकेचा तोतया बनून फसवले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड. मुद्दाम घबराट पसरवली असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३. सायबर पोलिसांकडे जरूर जा, पण उगमाविरुद्ध. घाबरून मेसेज पुढे ढकललेल्या सत्तर वर्षांच्या सभासदावर गुन्हा नोंदवणारी बँक दुसऱ्या दिवशीची बातमी स्वतःच लिहून देते.

पायरी ७: तालीम

वर्षातून दोनदा, तीन तास, आठ ते दहा माणसे. एक जण सूत्रधार. त्याच्याकडे दहा चिठ्ठ्या. दर बारा मिनिटांनी एक उघडायची. चिठ्ठ्यांचा क्रम साधारण असा: ग्रुपवर मेसेज, पिग्मी एजंटचा फोन, स्थानिक पत्रकाराचे ‘तुमची प्रतिक्रिया दहा मिनिटांत हवी’, एटीएम बंद, अध्यक्षांच्या आवाजातली ‘मी माझे काढून घेतलेत’ ही ऑडिओ क्लिप, मोठ्या ट्रस्टच्या सचिवाचा फोन, संचालकाने न विचारता फेसबुकवर टाकलेला खुलासा, करन्सी चेस्टची वेळ संपलेली, क्लिप बनावट असल्याचे उघड, आणि शेवटी, मूळ मेसेजमधला एक आकडा खरा निघतो.

ऑडिओ क्लिपची चिठ्ठी गाळू नका. २०२४मध्ये हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांचे बनावट चेहरे पाहून १५ हप्त्यांत सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले होते. उपाय साधा आहे: ठरावीक रकमेवरचा तोंडी आदेश, आवाज कितीही ओळखीचा असो, वहीतल्या जुन्या नंबरवर उलट फोन केल्याशिवाय पाळायचा नाही. अध्यक्षांना हा नियम अपमानकारक वाटतो. तो त्यांच्याच सहीने काढावा.

तालमीत उणिवा बहुधा त्याच निघतात: फोनयादी जुनी, दोन शाखांची उत्तरे वेगळी, फेसबुक पानाचा पासवर्ड सोडून गेलेल्या मुलाकडे. सूत्रधाराने चिठ्ठी उघडल्याची आणि पहिले उत्तर बाहेर पडल्याची वेळ लिहावी. पहिल्या तालमीत हे अंतर तासाभराचे निघाले तर घाबरू नका; तिसऱ्या तालमीपर्यंत वीस मिनिटांवर यायला हवे.

खरी घटना घडून गेली तर फाइल लगेच बंद करू नका. चौदा दिवस रोजचे तीन आकडे पाहत राहा आणि ते मधल्या आकड्यावर परतले की मगच सगळ्यांना पुन्हा बसवा. ज्यांनी ठेवी मोडल्या त्यांना फोन करा, ‘परत ठेवा’ म्हणायला नव्हे, तर ‘कोणाचे ऐकून आलात’ हे विचारायला. त्या उत्तरांनी निर्णयांच्या वहीतला तिसरा रकाना पुन्हा भरा. तिथे पहिल्यांदा ‘वर्तमानपत्र’ लिहिलेले असते. आता बहुधा एखाद्या किराणा दुकानदाराचे नाव येते.